पंधरा मिनिटांनी घसा बसणारा रेडिओ

"आधी छान गातो, मग घसा बसतो," मावशी म्हणाली होती. "काका मग त्याच्या डोक्यावर टप्पल मारायचे. तरी नाही ऐकलं तर बंद करून ठेवायचे आणि अर्ध्या तासाने परत लावायचे. शेवटी कंटाळून टेपरेकॉर्डर आणला."

रोगाचं निदान एवढ्या बोलण्यातच होतं. ते मला कळायला तीन आठवडे लागले आणि मध्ये एका व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीचे, पैसे पाण्यात गेले. म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं, चुकांसकट लिहितो आहे.

२०१८ चा डिसेंबर. वाईच्या जुन्या घराची आवराआवर चालली होती आणि माळ्यावरून हा संच खाली आला. लाकडी पेटी, समोर सोनेरी दोरा विणलेलं कापड, आडवी काच, काचेखाली पियानोसारख्या पाच पांढऱ्या पट्ट्या. कंपनीच्या नावाची पितळी अक्षरं केव्हाच पडली होती, त्यांच्या खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती. मागचं पुठ्ठ्याचं झाकणही नव्हतं, म्हणजे मॉडेलचा नंबर मिळायची सोय नाही. लाउडस्पीकरच्या मागे कुंभारमाशीने मातीची दोन घरं बांधलेली. आत एका कोपऱ्यात टपाल खात्याचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक सापडलं, वाळवीने अर्धं खाल्लेलं.

पाच पट्ट्यांपैकी एकीवरची अक्षरं पूर्ण झिजली होती. ती पहिल्या शॉर्टवेव्हची. मीडियम वेव्हची पट्टी जवळजवळ कोरी करकरीत. मावशीला विचारलं तर ती हसली. "बुधवारी रात्री सिलोन. दुसरं काय!" बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी, आणि त्यांच्याच मुलखात घराघरातली शॉर्टवेव्हची पट्टी झिजत होती. पुढे १९५७ मध्ये विविध भारती आली, तरी वाईच्या या घरात बुधवार सिलोनचाच राहिला.

संच गाडीत मागच्या सीटवर रजईत गुंडाळून पुण्याला आणला.

मॉडेल नाही तर नाही, व्हॉल्व्हचे नंबर वाचा

नाव-गाव नसलेला संच हाती आला की लोक हातपाय गाळतात. खरं तर त्या काळच्या पाच व्हॉल्व्हच्या संचांची रचना इतकी ठरावीक असते की व्हॉल्व्हवरचे नंबर वाचले की निम्मा नकाशा हातात येतो. यात होते ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि समोर, केंद्र नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा म्हणून, ईएम ८४. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर फिलामेंटचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारेचं, सांगतं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट. यू असतं तर सगळ्या फिलामेंटची माळ थेट मेनवर, ट्रान्सफॉर्मरशिवाय, आणि मग चॅसीलाच, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यालाच, वीज. तसल्या संचाला हात लावण्यापूर्वी माणसाने दोनदा विचार करावा. पुढची अक्षरं कामाची: सी म्हणजे ट्रायोड, एच हेप्टोड, एफ पेंटोड, बी जोडडायोड, एल आवाज बाहेर ढकलणारा पॉवर पेंटोड, झेड रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा, एम डोळा. आकडा ८० च्या घरातला म्हणजे नऊ पिनांचं बूड. ईएम ८४ आहे म्हणजे संच १९६० च्या आगेमागचा. दोन व्हॉल्व्हवर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का होता, म्हणजे ते नंतर कधीतरी बदललेले.

तर मार्ग असा: एरियलवरून आलेली लहर ईसीएच ८१ मध्ये स्थानिक ऑसिलेटरशी, म्हणजे संचातच तयार होणाऱ्या लहरीशी, मिसळते, त्यातून ४५५ किलोहर्ट्झच्या आसपासची मधली फ्रिक्वेन्सी निघते, ईएफ ८९ ती फुगवतो, ईबीसी ८१ तिच्यातून आवाज सोडवून थोडा वाढवतो, ईएल ८४ तो लाउडस्पीकरला देतो. ईझेड ८० या सगळ्यांच्या जेवणाची सोय बघतो.

चालू करायची घाई

चाळीस वर्षं माळ्यावर पडलेला रेडिओ घरात आला की कुणीतरी म्हणतंच, "लाव की, बघू तरी वाजतो का." आमच्याकडे ते काम माझ्या मुलाने केलं. मी प्लग काढून खिशात घातला.

आधी माती, जाळी आणि उंदरांच्या लेंड्या ब्रशने काढल्या. काचेला मात्र ओलं फडकं लावलं नाही. आतल्या बाजूने छापलेली शहरांची नावं पाण्याने सुटी होऊन फडक्यावर येतात, हे मी एका दुसऱ्या संचावर शिकून बसलो आहे. मग ईझेड ८० उपसून ठेवला आणि संच सिरीज बोर्डवर लावला, १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब मध्ये घालून. हल्ली तो बल्ब शोधावा लागतो. एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. तसाच भगभगत राहिला असता तर ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून समजायचं. फिलामेंट सगळे पेटले. बल्ब काढून थेट मेनवर लावला आणि फिलामेंटचं व्होल्टेज मोजलं.

७.४ व्होल्ट.

हवे होते ६.३. मीटर खोटा म्हणून दुसरा आणला, तोही तेच म्हणाला. मग चॅसीच्या मागे बोटाएवढी गोल चकती दिसली, ११०, १२७, २००, २२०, २४० असे आकडे असलेली. ती २०० वर होती आणि माझ्या घरातली वीज होती २३८ व्होल्ट. फोन केला तर मावशीला लगेच आठवलं: "संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की बल्बची तार लाल दिसायची. काकांनी कुणाकडून तरी ते करून घेतलं होतं." तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे गावची वीज सुधारली आणि चकती तिथेच राहिली. म्हणजे काही वर्षं तरी हा संच रोज जवळपास वीस टक्के जास्तीच्या जेवणावर चालला असणार. फिलामेंटला दहा टक्क्यांपर्यंतची इकडेतिकडे चालते, वीस नाही. चकती २४० वर आणली. फिलामेंट ६.२ व्होल्टवर आले.

आता फिल्टरचे कपॅसिटर, म्हणजे डीसीतली गुणगुण गाळणारे. चॅसीवर उभा ॲल्युमिनियमचा डबा, त्यात ५० आणि ५० मायक्रोफॅरडचे दोन. इतकी वर्षं उपाशी असलेल्या या इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कपॅसिटरला एकदम २५० व्होल्ट दिले तर तो गरम होतो, फुगतो, कधी फुटतोही. म्हणून रेक्टिफायर बाहेर ठेवून, बाहेरच्या सप्लायमधून ४७ किलोओहमच्या रेझिस्टरमार्फत दोन संध्याकाळी हळूहळू व्होल्टेज चढवलं. एक सावरला. दुसऱ्याची गळती कमी होईना. त्याची तार सोडवली आणि चॅसीखाली ४७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा नवा बसवला. डबा शोभेला जागच्या जागी. "मोठाच टाक ना, २२० चा, गुणगुण अजिबात राहणार नाही," असं सांगणारे भेटतात. ईझेड ८० ला पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही. चालू करताना तो भरायला जो झटका लागतो, त्याने रेक्टिफायरचा जीव जातो.

इथवर सगळं शहाणपणाचं होतं.

इथे मी चुकलो

ईझेड ८० बसवला, बटण फिरवलं. वीसेक सेकंद काही नाही, मग डोळा हिरवा झाला. मंद, पण झाला. एरियलला हातभर वायर लावली आणि आकाशवाणी मुंबई लागलं, १०४४ किलोहर्ट्झ. आवाज काय सांगू! लाकडाच्या पेटीतून येणारा भरदार, जरा गोड आवाज. गाणाऱ्या बाईंचा श्वास घेतलेला ऐकू येत होता. घरातले सगळे गोळा झाले.

पंधराव्या मिनिटाला आवाज फाटायला लागला. आधी वरच्या सुरांवर कर्कश, मग एकूणच घोगरा, मग लहान. डोळ्याची पट्टी विझत चालली. घसा बसला! खोलीतला दिवा घालवून मागून पाहिलं तर ईएल ८४ च्या करड्या पत्र्याच्या मधोमध, शिवणीपाशी, कंदिलाच्या वातीसारखी मंद लाल रेघ. ताबडतोब बंद केला.

ॲनोड, म्हणजे तो पत्रा, लाल झाला म्हणजे व्हॉल्व्ह गेला, असं मी ठरवून टाकलं. तसा तर्कही होता: इतकी वर्षं जास्त व्होल्टेजवर चाललेला, जुना, दमलेला. मीटर हातात असताना मी काहीही मोजलं नाही. नऊशे रुपये देऊन दुसरा ईएल ८४ मागवला, आठ दिवस वाट पाहिली, बसवला. पंधरा मिनिटं स्वर्ग. सोळाव्या मिनिटाला नवा व्हॉल्व्हही लाल.

रेडिओ दुरुस्तीच्या जुन्या माणसांचं म्हणणं असतं की व्हॉल्व्हवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. मी तो सगळ्यात आधी घेतला, कारण व्हॉल्व्ह हाताने उपसता येतो आणि कपॅसिटरसाठी चॅसी उलटी करावी लागते. आळस, दुसरं काही नाही.

मावशीची वाक्यं आता आठवली. बंद करून अर्ध्या तासाने लावला की पुन्हा गायचा. म्हणजे बिघाड तापण्याशी बांधलेला होता आणि थंड झाल्यावर पूर्ण बरा होत होता. काय तापतं आणि तापल्यावर कशाचा स्वभाव बदलतो, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडायला हवा होता.

पिन नंबर दोन

चॅसी उलटी केली. उघड्या चॅसीत २५० व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटर ते काही वेळ धरून ठेवतात. म्हणून प्रत्येक वेळी बंद केल्यावर १० किलोओहमचा जाड रेझिस्टर टेकवून ते रिकामे करायचे, आणि चालू असताना मोजायचं तर डावा हात खिशात. ही शिस्त मोडायला एकदाच पुरे.

ईएल ८४ च्या कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला, तीन नंबरच्या पिनेला, १५० ओहमचा रेझिस्टर होता. मीटरची काळी क्लिप चॅसीला आणि लाल क्लिप त्या पिनेला लावून चालू केला आणि घड्याळ घेऊन बसलो. सुरुवातीला ८.१ व्होल्ट. ओहमच्या नियमाने ५४ मिलिॲम्पिअर, ठीकच. पाच मिनिटांनी ९. दहा मिनिटांनी १०.४. पंधराव्या मिनिटाला १२, आणि आवाज फाटला. १२ भागिले १५० म्हणजे ८० मिलिॲम्पिअर. या व्हॉल्व्हच्या ॲनोडची उष्णता सोसायची मर्यादा १२ वॉट. इथे ती १५ च्या आसपास चालली होती. वर ईझेड ८० ची क्षमता ९० मिलिॲम्पिअरची, बाकीच्या व्हॉल्व्हचं जेवण धरलं तर तोही ओझ्याखाली वाकलेला. म्हणून पुढे डोळा विझत होता.

एवढा करंट वाढतो म्हणजे ग्रिड, करंटला लगाम घालणारी जाळी, दोन नंबरची पिन, कुठूनतरी धन व्होल्टेज घेते आहे. तिथे चॅसीच्या तुलनेत शून्य असायला हवं. धन होण्याची दोन कारणं संभवतात. एक, व्हॉल्व्हच सदोष आहे आणि तापल्यावर ग्रिडमधून उलटा करंट वाहतो. दोन, आधीच्या ईबीसी ८१ च्या ॲनोडवरून आवाज आणून देणारा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे आणि आवाजाबरोबर डीसी व्होल्टेजही पलीकडे सोडतो आहे. दोन्हींत लक्षणं हुबेहूब सारखी.

या दोघांतला चोर पकडायची युक्ती सोपी आहे. व्हॉल्व्ह उपसून काढायचा आणि रिकाम्या सॉकेटच्या दोन नंबरवर मोजायचं. फिलामेंट समांतर जोडलेले असल्याने एक काढला तरी बाकीचे चालू राहतात. व्होल्टेज शून्य झालं तर चोर व्हॉल्व्ह, राहिलं तर कपॅसिटर.

०.७ व्होल्ट राहिलं.

फार नाही, पण शून्यही नाही. आता खोलीत थंडी होती आणि चॅसी उलटी, हवेशीर. बायकोचा हेअर ड्रायर आणला आणि हातभर अंतरावरून त्या कपॅसिटरवर गरम हवा सोडली. आकडा जिना चढावा तसा चढायला लागला. १.५, ३, ४.६, मिनिटभरात ७ व्होल्ट. ड्रायर बंद केला की उतरायला लागला. तीन वेळा करून पाहिलं, चौथ्यांदा मुलाला दाखवायला केलं.

कपॅसिटर होता ०.०१ मायक्रोफॅरडचा, कागदाचा, तपकिरी, दोन्ही टोकांना मेण ओघळलेलं. कागद दमट हवेत ओल शोषतो. वाईतले पावसाळे पाहता त्याने किती शोषली असेल याचा अंदाज करा. आणि बसवला होता कुठे, तर ईएल ८४ आणि ईझेड ८० यांच्या सॉकेटच्या बरोबर मध्ये, संचातल्या सगळ्यात गरम जागी. ग्रिडचा रेझिस्टर ६८० किलोओहम, त्यावर ७ व्होल्ट, म्हणजे सुमारे १० मायक्रोॲम्पिअरची गळती. पलीकडे ईबीसी ८१ च्या ॲनोडवर ९० व्होल्ट. हिशेबाने तापलेल्या कपॅसिटरचा रोध जेमतेम ८ मेगओहम. साध्या मल्टीमीटरवर, थंड असताना, ९ व्होल्टच्या बॅटरीने तपासला तर हाच कपॅसिटर चांगला दिसतो. मी नंतर मुद्दाम तपासला, दिसला.

पंधरा रुपयांचा ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर लावला. कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर असलेला बायपास कपॅसिटरही बदलला, तो सुकला होता. तासाभराने मोजलं: ७.५ व्होल्ट. दोन तासांनी: ७.५. मग जुना ईएल ८४ परत बसवून पाहिला, तोच ज्याला मी मेलेला ठरवलं होतं. ७.३. आजही संचात तोच आहे. नऊशेचा आपला कपाटात.

बाकीचे कागदी कपॅसिटरही त्याच बैठकीत बदलले. सगळं एकदम बदलावं की एकेक, यावर हौशी लोकांत भांडणं होतात. माझं मत असं की आधी दोष पकडावा, मग बदलावं. आधीच सगळं बदललं आणि तरी बिघाड राहिला, तर तो जुना की आपण नवा केला, हे कळायला मार्ग राहत नाही.

पुणं लागेना

संच चार तास सलग वाजला, पण पुण्यात बसून पुणं लागत नव्हतं. ७९२ किलोहर्ट्झचं ते केंद्र एवढं जवळ, तरी काटा ९०० च्या खाली गेला की सगळं चिडीचूप. साधी खरखरसुद्धा नाही. १०४४ वर मुंबई उत्तम, १२५१ वर सांगली संध्याकाळी बरं.

जोराचं केंद्र लागत नाही आणि लांबचं लागतं, म्हणजे एरियलचा दोष नव्हे. संशय ऑसिलेटरवर. त्याची तपासणी कुठल्याही यंत्राशिवाय होते, एक खिशातला ट्रान्झिस्टर पुरतो. ऑसिलेटर लागलेल्या केंद्रापेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो आणि चालत असला तर शेजारच्या रेडिओला तो ऐकू येतो. जुना संच १०४४ वर ठेवला, ट्रान्झिस्टर त्याच्या पाठीला टेकवून १४९९ च्या आसपास फिरवला. एका जागी ट्रान्झिस्टरची खरखर एकदम गप्प झाली. सापडला. आता जुन्याचा काटा हळूहळू खाली आणायचा आणि ट्रान्झिस्टरवर त्याच्या मागोमाग जायचं. १४५०, १४००, १३६०... १३५० च्या आसपास खरखर परतली आणि पुढे काही केल्या ती गप्प होईना. म्हणजे काटा ८९५ च्या खाली गेला की ऑसिलेटर झोपत होता. पुण्यासाठी त्याने १२४७ वर जागं असायला हवं.

ईसीएच ८१ बदलायचा मोह झाला. या वेळी मीटर आधी घेतला. ऑसिलेटरच्या ट्रायोडला जेवण पोचवणारा रेझिस्टर रंगांनुसार ३३ किलोओहमचा होता. मोजला तर ६१. जुने कार्बनचे रेझिस्टर वयाबरोबर वर चढतात, आणि यातून तर वर्षानुवर्षं जास्त व्होल्टेज गेलं होतं. दोन वॉटचा नवा ३३ किलोओहमचा लावला आणि ७९२ वर डोळ्याच्या दोन हिरव्या पट्ट्या एकमेकींना जाऊन भिडल्या.

दुसऱ्या शॉर्टवेव्हवर मात्र १७ मेगाहर्ट्झच्या पुढे तो अजूनही बहिरा आहे. तिथे बहुधा ईसीएच ८१ चं वयच आड येतं. त्या पट्ट्यात ऐकायचं आता फारसं काही नाही, म्हणून सोडून दिलं. आयएफच्या, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीच्या, डब्यांतल्या स्क्रूंनाही हात लावला नाही. ते सैल दिसतात म्हणून "घट्ट" करून ठेवणारे सद्गृहस्थ प्रत्येक गावात होऊन गेले आहेत. सुदैवाने वाईच्या त्या माणसाने फक्त चकती फिरवली होती.

डायलची दोरी घसरत होती, ती मासेमारीच्या विणलेल्या दोऱ्याने नव्याने ओवली. कप्प्यांवरून ती कशी फिरते हे सोडण्यापूर्वी फोनमध्ये टिपून ठेवलं होतं. न टिपता सोडली असती तर पुढचा रविवार गेला असता.

ऐकणं

दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस फक्त किरकिर ऐकली. रेडिओची चूक नव्हती. माझ्या फ्लॅटमध्ये एलईडी दिवे, फोनचे चार्जर, वायफाय आणि शेजारच्यांचा इन्व्हर्टर, सगळे मिळून मीडियम वेव्हवर भजन करत होते. एकेक प्लग काढत गेलो. सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला देवघरातली लुकलुकणारी माळ. वीज गेली की सारा बँड कसा निवांत होतो, हे ट्रान्झिस्टरवाल्यांना माहीत असतं. व्हॉल्व्हवाल्याच्या नशिबी ते सुख नाही, कारण तेव्हा तोही गेलेला असतो.

जुन्या घरांत व्हरांड्याच्या वरून तांब्याच्या जाळीची लांब पट्टी ताणलेली असायची, दोन टोकांना चिनी मातीच्या गोट्या. ती जाळी मला मिळाली नाही. गच्चीवर दहा मीटर साधी वायर ताणली, अर्थिंग वेगळं दिलं आणि फरक जमीन-अस्मानाचा पडला. पावसाळ्याच्या तोंडाशी, वळीव कडाडायला लागला की ती वायर संचातून काढून ठेवायची.

खरी मजा सूर्य मावळल्यावर. दिवसा आकाशातला डी थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो. अंधार पडला की तो विरतो आणि लांबची केंद्रं वरच्या थरांवरून परावर्तित होऊन उतरायला लागतात. साडेसात-आठच्या सुमाराला दिवा घालवून फक्त डायलच्या पिवळ्या उजेडात काटा फिरवत बसायचं. १०७१ वर राजकोटचा बलाढ्य प्रक्षेपक उर्दू घेऊन यायचा. मध्येच कुणीतरी ओळखीचं न वाटणारं, समुद्राच्या लाटेसारखं वर-खाली होणारं, आणि त्या लाटेबरोबर हिरव्या पट्ट्या जवळ येतात, लांब जातात. डोळ्याचा उपयोग तेव्हा कळतो. पेटीतून गरम मेणाचा, लाकडाचा आणि जळालेल्या धुळीचा वास येतो. चाळीस-पन्नास वॉट जाळून पाच व्हॉल्व्ह जे काम करतात ते खिशातला ट्रान्झिस्टर दोन सेलवर करतो, हे मला माहीत आहे. मुलगाही अधूनमधून आठवण करून देतो.

सकाळी २५ मीटरच्या पट्ट्यात श्रीलंकेचं हिंदी प्रसारण लागलं तेव्हा फोन स्पीकरवर टाकून मावशीला ऐकवलं. थोडं ऐकून ती म्हणाली, "हो, तेच ते. पण किती वाजल्यापासून लावलायस?"

"पाऊण तास झाला मावशी."

"मग बसायला हवा होता."

मार्चमध्ये संच वाईला पोचवला. मावशीने बैठकीत आधीच कोनाडा रिकामा करून ठेवला होता आणि त्यावर भरतकामाचा रुमाल. रुमाल पेटीवर टाकू नको, मागची हवा कोंडते, एवढं बजावलं. ती घड्याळ समोर घेऊन बसली. वीस मिनिटं झाल्यावर उठली आणि सवयीने जाताजाता पेटीवर एक टप्पल मारलीच.

मागे नव्या पुठ्ठ्याचं झाकण करून दिलं, भरपूर भोकं पाडून. त्याच्या आतल्या बाजूला पुढे कधी जो उघडेल त्याच्यासाठी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: चकती २४० वर, हलवू नये. फिलामेंट ६.२. मेन एचटी (व्हॉल्व्हना जाणारा डीसी) २५८. ईएल ८४ कॅथोड ७.३, दोन तासांनी तेवढंच. कागदी कपॅसिटर सगळे बदलले, ऑसिलेटरचा ३३ किलोओहम बदलला. आयएफ छेडलेले नाहीत. दुसरी शॉर्टवेव्ह १७ मेगाहर्ट्झच्या पुढे बंद, बघायचं राहिलं.